रोड बाइकची चाके निवडावीत जमिनीपासून वर

हवा कमी असलेली सायकल जड जाते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. ज्याने लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घेतली आहे, त्याचा अंगठा दुकानात आधी टायरवर जायचा. टायर टणक लागला की ती सायकल आपली. पण रोड बाइकच्या शर्यतींत गेल्या पंधरा वर्षांत घडले ते या अनुभवाच्या नेमके उलट आहे. एके काळी स्पर्धक २३ मिलिमीटर रुंदीचे टायर ११५-१२० पीएसआयपर्यंत फुगवत. आज ते २८ ते ३० मिमीचे, कधी त्याहूनही रुंद टायर लावतात आणि हवा ६०-७० पीएसआयच्या आसपास ठेवतात. टायर रुंद झाले, हवा उतरली, तरी सायकली मंदावल्या नाहीत. अंगठ्याने शिकवलेला धडा खरा होता, पण तो अर्धाच होता.

उरलेला अर्धा धडा समजला तर चाके निवडणे बरेच सोपे होते. नवी चाके घ्यायची म्हटले की बहुतेक जण आधी हबचे नाव विचारतात, मग रिम किती खोल आहे ते बघतात, मग चाकांचे वजन, आणि टायरपाशी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. जमिनीला टेकतो तो टायर आधी, त्याला शोभेल अशी रिम नंतर, मग आपले वजन पेलतील एवढे आरे, आणि सर्वांत शेवटी हब.

टायर ताकद कुठे खातो

समजा स्वार ७५ किलोचा आहे आणि सायकल, पाण्याच्या बाटल्या, हत्यारांची पिशवी मिळून १० किलो होतात. एकूण ८५. त्यातले साधारण ४७ किलो मागच्या चाकावर येतात. टायरमध्ये ७० पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ५ किलोचा दाब असतो. म्हणजे हे ४७ किलो तोलायला टायरचा जमिनीवरचा ठसा साडेनऊ चौरस सेंटिमीटरच्या आसपास लागणार. तेवढा ठसा होईपर्यंत टायर चपटा होतो आणि थांबतो. टायर २३ मिमीचा असो की ३२ चा, हवा तेवढीच असेल तर ठशाचे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच राहते. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा.

चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग ठशापाशी येऊन वाकतो आणि पुढे गेल्यावर सरळ होतो. वाकवायला जी ताकद लागली ती सगळी परत मिळत नाही. रबर आणि त्याखालचे धाग्यांचे कापड तिचा काही हिस्सा उष्णतेच्या रूपाने घालवतात. लांबट ठशात टायरच्या भिंतीला जास्त वाकावे लागते, म्हणून समान हवेला अरुंद टायर जास्त ताकद खातो. हवा कमी केली की ठसा मोठा होतो आणि नुकसान वाढते. भाड्याच्या सायकलीने शिकवले होते ते हेच.

टायर कशाचा बनला आहे याचा परिणाम तर रुंदीहून मोठा असतो. चाचण्यांमध्ये एक गुणांक मोजतात: टायरवरच्या भाराच्या कितव्या हिश्श्याएवढी ओढ तो मागे लावतो. शर्यतीच्या चांगल्या टायरसाठी हा गुणांक ०.००४ च्या आसपास असतो, जाड आणि स्वस्त टायरसाठी ०.००७ किंवा त्याहून जास्त. आपल्या ८५ किलोंसाठी पहिली ओढ ३४० ग्रॅमची, दुसरी ५९५ ग्रॅमची. फरक पाव किलोचा. ताशी ३० किमी वेगाने जाताना हा पाव किलो सतत मागे ओढत राहिला तर सुमारे २० वॅट जातात. हौशी स्वार तासन्‌तास जेमतेम १५० वॅट देतो. रिम किंवा हब बदलून एवढी बचत कुणालाच साधत नाही.

आता धड्याचा दुसरा अर्धा. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवला तर हवा वाढवत नेऊ तसे नुकसान घटतच जाते. रस्ता मात्र खडबडीत असतो. खडी वर आलेल्या डांबरावर कडक टायर प्रत्येक खडा गिळू शकत नाही, तो स्वारासकट सगळी सायकल उचलतो. ही उचल पुढे जाण्याच्या वेगातून वजा होते आणि स्वाराच्या स्नायूंमध्ये, पाठीत, तळहातांत जिरते. म्हणून प्रत्येक रस्त्यासाठी हवेची एक मर्यादा असते. तिच्यापुढे हवा भरली की सायकल चपळ भासते, पण वेग घटतो. सिअ‍ॅटलच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ मासिकाचे संपादक यान हाइने यांनी खऱ्या रस्त्यांवर चाचण्या घेऊन हे लावून धरले. शर्यतीचे संघ ते मानायला लागले ते बऱ्याच वर्षांनी.

आपल्याकडच्या रस्त्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ ही किमान रुंदी समजावी. घाटरस्ते, गावांतून जाणारे जिल्हा मार्ग आणि पावसानंतरचे खड्डे धरले तर मी ३० किंवा ३२ घेईन. वरच्या उदाहरणातल्या स्वाराने २८ च्या टायरमध्ये मागे ७०, पुढे ६५ पीएसआयपासून सुरुवात करावी. ३२ ला मागे ५८, पुढे ५३. मग दोन-तीन फेऱ्यांत थोडे कमी-जास्त करून बघावे. फ्रँक बर्टो या अमेरिकी अभियंत्याचा एक आडाखा इथे कामाचा आहे: स्वार बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी दबावी. २८ मिमीच्या टायरला हे ४ मिमी होतात. हवा त्याहून फार कमी झाली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडछिद्रे दिसली की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

टायरवरच्या नक्षीकडे बघून निवड करू नये. मोटारीचा टायर वेगात साचलेल्या पाण्यावर तरंगतो, म्हणून त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा लागतात. सायकलचा ठसा इतका लहान, तिचा टायर इतका गोल आणि वेग इतका कमी असतो की हा प्रश्न येतच नाही. पकड येते रबराच्या मिश्रणातून. पावसात घसरायला होते ते रंगवलेल्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि पहिल्या सरीने वर आणलेल्या तेलावर, आणि तिथे कुठलीच नक्षी उपयोगी पडत नाही.

चौकट : टायरवरचे आकडे कसे वाचावेत

जुन्या दांडीच्या सायकलीलाही ‘२८’ म्हणतात आणि रोड बाइकच्या टायरवरही २८ लिहिलेले असते. या दोन २८ चा एकमेकांशी संबंध नाही. पहिला चाकाचा व्यास आहे, इंचांत. दुसरा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. म्हणून टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेली ‘२८-६२२’ अशी जोडी शोधावी. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास.

६२२ : रोड बाइक (७००सी), २९ इंची माउंटन बाइकही याच मापाची
५८४ : ६५०बी
६३० : जुन्या स्पोर्ट्‌स सायकलींचे २७ × १¼
६३५ : दांडीच्या सायकलीचे २८ × १½

दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही. टायर आणि फ्रेम, टायर आणि चिमटा यांच्यामध्ये चारही बाजूंना ४ मिमी मोकळे राहतील हेही मोजून घ्यावे. चिखल तिथेच अडकतो.

ट्यूब की ट्यूबलेस

ट्यूबलेसमध्ये टायर रिमला हवाबंद बसतो आणि आत पातळ चीक असतो. काट्याने छिद्र पडले की चीक तिथे धावतो आणि गोठून ते बुजवतो. चिमटायला आत ट्यूबच नसल्यामुळे हवाही कमी ठेवता येते. बाभळीचे काटे आणि महामार्गाच्या कडेला पडलेल्या, ट्रकच्या फुटक्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा, ही आपल्या भागातली पंक्चरची दोन मोठी कारणे. दोन्हींवर चीक चांगला चालतो. मात्र आपल्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी आत बघून नवा घालावा लागतो. मोठी चीर तो बुजवू शकत नाही, तेव्हा सुटी ट्यूब जवळ ठेवावीच लागते. शिवाय घट्ट बसलेला टायर रस्त्याच्या कडेला, ओल्या हातांनी काढणे सोपे नसते. जो दर आठवड्याला सायकल चालवतो आणि स्वतः देखभाल करतो त्याने ट्यूबलेस घ्यावे. जो महिन्यातून एकदा बाहेर पडतो त्याला चांगला टायर, साधी ब्यूटाइलची ट्यूब आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या पुरतात.

रिम : रुंदी आधी, वजन नंतर

रिमच्या मापांत सर्वांत महत्त्वाची आतली रुंदी. एकाच टायरला ती वेगवेगळा आकार देते: १९ मिमीच्या रिमवर २८ चा टायर २८ च्याच आसपास भरतो, २३ च्या रिमवर तो ३० च्या जवळ जातो. २८ ते ३२ च्या टायरसाठी १९ ते २३ मिमी आतली रुंदी चांगली. जुन्या १३-१५ मिमीच्या रिमवर रुंद टायर चढवला तर तो वरून फुगीर आणि मुळाशी आवळलेला राहतो, आणि वळणावर लचकतो.

काही नव्या रिमना काठाशी टायर धरणारा आकडा नसतो. त्यांना हुकलेस म्हणतात. यांच्या बाबतीत नियम कडक आहे. त्यांच्यावर ५ बारहून, म्हणजे ७२ पीएसआयहून, जास्त हवा चालत नाही. टायर ट्यूबलेस जातीचाच लागतो, आत ट्यूब घातली तरीही. आणि कुठला टायर चालेल ते बनवणाऱ्याच्या यादीत बघावे लागते. हवा ‘अंगठ्याने बघून’ भरणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये. इथे चूक झाली तर टायर चालत्या चाकावरून सुटू शकतो.

आता वजन. रिमचे वजन दुपटीने मोजले जाते, असे सायकलवाल्यांत ठामपणे सांगतात. ते वेग वाढवण्यापुरते खरे आहे. रिममधला ग्रॅम पुढेही जातो आणि गोलही फिरतो, म्हणून त्याला वेग द्यायला दुप्पट ऊर्जा लागते. पण दुप्पट कशाची? दोन्ही रिम मिळून २०० ग्रॅम हलक्या केल्या तर वेग घेताना ४०० ग्रॅमचा फायदा, एकूण ८५ किलोंपैकी. अर्धा टक्काही नाही. आणि घाट एका लयीत चढताना रिममधला ग्रॅम बाटलीतल्या पाण्याच्या ग्रॅमएवढाच भारी असतो. ४० मिनिटांच्या चढाला या २०० ग्रॅमनी सहा सेकंदही वाचत नाहीत. शर्यतीत सहा सेकंदांना मोल आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळ ठरवून दिलेली लांब फेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, तिथे नाही.

खोल रिम हवा कापते, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तिचा उपयोग ताशी ३५-४० किमीने सतत जाणाऱ्याला. ५० मिमी खोल रिमला आडवा वारा शिडासारखा धरतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, तिथे पुढच्या चाकाला अशी रिम लावून उतरताना हात भरून येतात. ३० मिमीपर्यंतची रिम सगळीकडे चालते.

ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर मी अॅल्युमिनियमच सुचवीन. लांब घाट उतरताना रिम तापते. कार्बनच्या रिममधली राळ त्या उष्णतेने मऊ पडू शकते आणि पावसात तिच्यावर ब्रेक उशिरा लागतो. अॅल्युमिनियमही अमर नाही. पावसाळी चिखलातली वाळू ब्रेकच्या रबरासोबत रिमची भिंत घासत राहते. भिंतीवर बारीक खाच किंवा टिंब असते; ते नाहीसे झाले की रिम बदलायची, मग चाक वरून कितीही सरळ फिरो.

दोन मिलिमीटरचे आरे एवढा भार कसा पेलतात

सायकलचा आरा ही फक्त २ मिमी जाडीची तार. सुटा आरा उभा धरून वरून दाबला तर बोटांनी वाकतो. तरी त्याच्यावर माणूस बसतो. हे कोडे सोडवायला लग्नाच्या मांडवाचा खांब आठवावा. त्याला चारही बाजूंनी दोराचे तणावे घट्ट बांधलेले असतात. खांब पूर्वेकडे ढकलला तर पूर्वेचा दोर त्याला उलटा ढकलू शकत नाही, दोर ढकलतच नाही. पण तो दोर आधीपासून खांबाला पूर्वेकडे ओढत होता, ती ओढ आता कमी होते. ओढ कमी होणे आणि उलटे ढकलणे, खांबाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मात्र दोर पूर्ण सैल पडला की त्याचे काम संपले.

चाकात आरे हे तणावे आणि हब हा खांब. प्रत्येक आरा साधारण १०० किलोच्या ताणाने ओढलेला असतो. वजन पडले की जमिनीजवळच्या तीन-चार आऱ्यांचा ताण घटतो आणि भार तेवढ्यातच पेलला जातो. बाकीच्यांचा ताण जवळपास हलत नाही. कॅलिफोर्नियातील अभियंते जोबस्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडले.

यावरून आरे का तुटतात तेही कळते. ते ओढीने क्वचितच तुटतात. २८ च्या टायरचे चाक एका किलोमीटरात सुमारे ४६८ वेळा फिरते. २०० किमीत प्रत्येक आरा ९३ हजारांहून जास्त वेळा सैल-घट्ट होतो. ताण मुळात कमी असेल तर खाली येताना तो पूर्ण सैल पडतो, वर जाताना पुन्हा झटका खातो, आणि हबजवळच्या वाकाशी धातू थकून चीर पडते. म्हणून पुरेसा आणि सगळीकडे सारखा ताण हेच चाकाचे आयुष्य. मधून बारीक केलेला आरा, दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ किंवा १.५, सरळ जाड आऱ्यापेक्षा जास्त टिकतो, हेही याच हिशेबाने. तो जास्त ताणला जातो, त्यामुळे सहजासहजी सैल पडत नाही आणि वाकाशी झटके कमी पोहोचतात.

तुटतात ते बहुधा मागच्या चाकाचे. मागे उजव्या बाजूला गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून हबची उजवी कड मध्याजवळ सरकते. उजवे आरे उभे आणि फार घट्ट, डावे तिरके आणि जवळपास निम्म्या ताणाचे. त्यात भारही मागेच जास्त. म्हणून मागे पुढच्यापेक्षा जास्त आरे हवेत. ७५ किलोपर्यंतच्या स्वाराला पुढे २४, मागे २८ पुरतात. त्याहून वजनदार स्वाराला किंवा सामान नेणाऱ्याला पुढे २८, मागे ३२. डिस्क ब्रेक असतील तर पुढचेही आरे एकमेकांना ओलांडणारे, हबच्या कडेला स्पर्श करून निघणारे हवेत, कारण ब्रेकचा पीळ हबमधून रिमपर्यंत आऱ्यांनाच न्यायचा असतो. ही रचना जेम्स स्टार्लीने १८७४ साली इंग्लंडमध्ये आणली, आणि ती बदलण्याची गरज अजून पडलेली नाही.

चपट्या, सरळ टोकाच्या, एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या आऱ्यांची चाके दिसायला सुरेख असतात. पण सोलापूरच्या वाटेवर असा आरा तुटला तर प्रवास तिथेच संपतो. वाकाचे साधे पोलादी आरे आणि ३२ छिद्रांची रिम असेल तर कुठल्याही तालुक्याच्या गावी आउट काढणारा कारागीर हाताळू शकेल. आऱ्याची लांबी मात्र मिलिमीटरपर्यंत जुळावी लागते, म्हणून आपल्या मापाचे दोन-तीन सुटे आरे फ्रेमला चिकटवून ठेवावेत.

हब : आधी माप, मग मोह

दुकानात चाक हातात धरून फिरवतात आणि ते किती वेळ फिरत राहते ते दाखवतात. त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. भार नसताना हबचा जो विरोध जाणवतो तो ग्रीसचा आणि पाणी अडवणाऱ्या रबरी झडपांचा असतो, आणि तो जेमतेम एखाद्या वॅटचा. ज्या हबमध्ये पाणी सहज शिरते तो हब दुकानात सर्वांत छान फिरेल.

निवड दोन जातींत. एकात सुटे छर्रे आणि कोन: दरवर्षी उघडून साफ करायचे, ग्रीस भरायचे, पान्याने कोन हलक्या हाताने जुळवायचा. निगा राखली तर वर्षानुवर्षे चालतो. दुर्लक्ष केले तर कोनावर खड्डे पडतात. दुसऱ्यात बंद बेअरिंग: खराब झाले की काढून नवे ठोकायचे. त्याच्यावर क्रमांक असतो, उदाहरणार्थ ६९०२, म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिमी. तो क्रमांक सांगून औद्योगिक वसाहतीजवळच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानातून ते आणता येते. आपल्या पावसात मी दुसरी जात घेईन. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली मात्र दोन्ही हब धरू नयेत, त्या दाबापुढे कुठलीच झडप टिकत नाही.

मापे चुकली तर परत करण्याखेरीज इलाज नाही. मागच्या हबची रुंदी रिम-ब्रेकच्या रोड बाइकला १३० मिमी, जुन्या डिस्कवाल्यांना १३५, आरपार दांड्याच्या नव्या फ्रेमला १४२. चकत्या बसतात तो भाग शिमानोचा, श्रॅमचा, कॅम्पान्योलोचा वेगवेगळा असतो, आणि शिमानोचा ११ स्पीडचा भाग १० स्पीडच्या भागाहून १.८५ मिमी लांब असतो. डिस्क सहा स्क्रूंची की मध्ये एका रिंगने आवळायची, हेही बघावे.

नवी चाके पहिल्या २००-३०० किमीनंतर कारागिराकडे परत न्यावीत, कारण आरे आणि निपल आपापल्या जागी बसताना ताण थोडा उतरतो. जुनी चाके मोडीत काढू नयेत. त्यांच्यावर जाड, काटे न लागणारे टायर चढवून जून ते सप्टेंबर तीच वापरावीत, म्हणजे पावसातली वाळू नव्या रिमला लागणार नाही. फक्त दोन्ही जोड्यांच्या रिमची बाहेरची रुंदी वेगळी असेल तर चाके बदलताना दर वेळी ब्रेकची तार पुन्हा जुळवून घ्यावी.